कोपरीच्या खाडीत माहेरची ताटली

डोंबिवलीत मानपाड्याच्या स्टॉपवर बस आली तेव्हा माझ्या एका हातात पायजम्याची नाडी बांधलेली पांढरी इनॅमलची ताटली होती, बगलेत वही होती आणि मागे आमची सुमन होती. सुमनकडे डबा, छत्री आणि कुरकुर.

"ताटली माझ्या माहेरची आहे," तिने बजावलं. "खाडीत गेली तर तुम्हीही तिच्यामागून जा."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, मी ठाण्याच्या खाडीवर गेलो. दरवर्षी माघी पौर्णिमेला, ऐन भरतीच्या वेळी, कोपरीच्या धक्क्यावरून ताटली पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की नाडीला गाठ मारायची. पाणी जितकं निवळ तितकी गाठ खोल. बारा वर्षांपूर्वी ती हातभर खाली होती, गेल्या वर्षी वीतभरावर आलेली. जागा तीच, तिथी तीच, ताटली तीच आणि बघणारा मीच. निरीक्षक बदलला की निरीक्षण बिघडतं, हा माझा कडक नियम. त्यामुळे सुमनला मी आजवर एकदाही पाण्यात डोकावू दिलं नव्हतं.

यंदाची नोंद झाली की दुसऱ्याच दिवशी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं भाषण होतं : 'खाडी आंधळी होतेय!' फलक रंगवून झालेला. मला फार फार हौस होती हो त्या भाषणाची. जन्मभर पोरांनी मला शिक्षा म्हणून ऐकलं, आता माणसं आपल्या पायांनी ऐकायला येणार होती.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, जेवायला चाललात?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून शेजारच्या माणसाला सगळं समजावून सांगितलं. डोंगर फोडले, इमारती उठल्या, ती माती आणि गावचं सांडपाणी खाडीत गेलं. पाणी गढूळलं की ऊन तळाशी पोचत नाही, तळाचं शेवाळ मरतं, त्यावर जगणारे किडे मरतात, मग मासे, मग पक्षी. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमुळे मला भरपूर वेळ मिळाला. तो माणूस कळव्याला उतरला. त्याचं तिकीट ठाण्याचं होतं, असं सुमन म्हणते.

कोपरीला रिक्षा सोडून आम्ही धक्क्याकडे चालू लागलो. तिवरांच्या पलीकडे पाणी नुसतं चमकत होतं. मी थांबलो. "ते बघ सुमन, रोहित पक्षी, फ्लेमिंगो! कसे एका पायावर ध्यान लावून उभेत!"

"अहो, ते गुलाबी गाऊन आहेत. बांबूवर वाळत घातलेत."

"उन्हाची तिरीप आहे," मी म्हणालो आणि चालू लागलो.

धक्क्यावर हिराबाई जाळं शिवत बसली होती. ती इथल्याच कोळीवाड्यातली, अजून होडी घेऊन खाडीत जाते. दरवर्षी आमचा रामराम होतो. आज तिने आधी आम्हाला खायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोलंबीची) चटणी! डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोन भाकऱ्या हाणल्या. सुमनचा डबा तसाच राहिला, त्याबद्दल तिने तिथेच मला सुनावलं.

"मास्तर, पानी निवल व्हावं म्हनून येता व्हय?" हिराबाईने विचारलं. "आमाला नको बाबा लय निवल. मासा जालं बघतो नि पलतो."

मी चपापलो. हे माझ्या भाषणात नव्हतं.

भरती पुरती आली. मी धक्क्याच्या पायरीवर पोटावर झोपलो. सुमनने माझा शर्ट मागून धरला, प्रेमापोटी नव्हे, ताटलीपोटी. मी नाडी सोडू लागलो. चार बोटं... सहा बोटं... गेली!

"वीतभरावरून सहा बोटांवर!" मी ओरडलो. खरं सांगतो, मला आनंद झाला. खाडी मरतेय आणि मी खूश, कारण भाषण फक्कड होणार होतं.

"अवो मास्तर, कुटं गेली?" हिराबाई वाकून म्हणाली. "ती काय, हाय की तितंच."

"मलाही दिसतेय," सुमन म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती डोकावली होती. "तिचा निळा काठसुद्धा."

हिराबाईने माझ्या हातातून नाडी घेतली आणि सोडत राहिली. सोडत राहिली. हातभर खाली गेल्यावर दोघी एकदम म्हणाल्या, "आता गेली."

हातभर. पहिल्या वर्षीचीच गाठ.

हिराबाईने माझी हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला. मासळी ताजी आहे का बघतात, तसं पाहिलं. "मास्तर, तुमच्या डोल्यांत पडदा आयलाय. मोतीबिंदू!"

सुमन इतकी हसली की पायरीवरच बसली. मग तिने माझा हात घट्ट धरला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बारा वर्षं! बारा वर्षं मी खाडीला नावं ठेवली. उद्या हॉल भरणार आणि माझ्याकडे सांगायला काहीच नाही.

"म्हणजे खाडीला काही झालेलंच नाही," मी पुटपुटलो.

हिराबाई भडकलीच. "कोन बोललं? निवट्या (चिखलात उड्या मारणारा मासा) बगितलात का कुटं? शिंपल्यातली कालवं गेली, बोयटं मासली गेली. पानी दिसतं तसंच हाय, पन त्यात काय मिसलतं ते ताटलीला काय कलतं? तुमची वही खोटी असंल, माजं टोपलं खोटं नाय!"

मी वही मिटली. "हिराबाई, उद्या डोंबिवलीला येशील? हे असंच बोलायला?"

"मी? भाषान?"

"भाषण नको. अशीच भांड."

परतीच्या बसमध्ये मी कुणालाच काही समजावलं नाही. सुमन म्हणाली, बारा वर्षांतला हा सगळ्यात सुंदर प्रवास.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली. तिने टोपलं टेबलावर ठेवलं आणि तळाशी पडलेली ओंजळभर मासळी दाखवली. सगळा हॉल वाकून बघत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या मला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी सुमनला म्हणालो, "तू बघ आणि मला सांग."