काटकसरीचा वर्ग

लेबर ऑफिसरने मला पायातले बूट काढायला लावले आणि टेबलावर ठेवायला सांगितले. सगळ्यांसमोर.

"बघा," तो म्हणाला, "पगार रिंगखात्याचा आणि पायात बूट! तुम्हा लोकांचा पैसा टिकत नाही, तो असा."

माणसं हसली. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची मला आजही किळस येते.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. ठाण्याच्या आमच्या गिरणीत दर शनिवारी पाळी सुटली की आवारात काटकसरीचा वर्ग भरायचा. ऑफिसर नौपाड्यातला, बोलणं एकदम शुद्ध. विणकरांना 'अहो' म्हणायचा, मला 'अरे'. विणकर बाकांवर, आम्ही सूत कातणाऱ्या रिंगखात्यातले महार कामगार मागे जमिनीवर. विडी सोडा, लग्नात उधळू नका, पोस्टात टाका. ऐकून ऐकून कान किटले. ते बूट मी सहा महिने पैसे साठवून घेतले होते. माझा बाप गावातून जाताना वहाणा हातात घेऊन चालायचा, म्हणून घेतले होते. हे तिथेच सांगायला हवं होतं.

घरी बायकोला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आन् तुमी काढलं?"

"काढले."

"मंग मला कशाला सांगताय?"

रात्रभर माझीच मला शिसारी आली.

पुढच्या शनिवारी ऑफिसरने छापील कागद आणले. दर महिन्याला पगारातून बचत कापायची, त्यावर सही. माझा नंबर आला. मी उभा राहिलो.

"साहेब, साचेखात्यात विणकामाला मजुरी जास्त आहे. मला साच्यावर घ्या. मग काटकसर शिकवा."

बाकांवरचे मागे वळून बघायला लागले. साच्यावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडाने ओढावा लागतो. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. म्हणून विणकामाला आमचा माणूस नको. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता.

बाकावरून साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, उठला. युनियनच्या सभेत हाच माझ्या खांद्यावर हात टाकून घोषणा द्यायचा.

"तुझा उष्टा धोटा आम्ही तोंडात घालायचा काय रे?"

थू! मला त्या घोषणांचीच घाण वाटली.

ऑफिसर कागद चाळत म्हणाला, "हा या वर्गाचा विषय नाही. सही कर."

"नाही करत."

"नोकरी नकोशी झाली का?"

"नोकरी पाहिजे. साच्यावर पाहिजे."

सोमवारी मी अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने. 'धोटा तोंडाने ओढायची माझी तयारी आहे. ज्यांना माझं तोंड चालत नाही, त्यांनी तोंड न लावता चालणारा धोटा मालकाकडून मागून घ्यावा.'

ऑफिसरने वाचला आणि फाडला. मी त्याच्यासमोर उभा राहून दुसरा लिहिला.

"किती लिहिशील?" त्याने विचारलं.

"घेईपर्यंत. आणि तोवर माझ्या पगाराबद्दल मला एक अक्षर शिकवायचं नाही."