सतरा नंबरचा फोन

कटरे सरांना कोणी काम सांगितलं की ते आधी "हाव" म्हणत आणि मग काय काम आहे ते विचारत. गोंदियाच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात टाइमटेबल, परीक्षेची बैठकव्यवस्था, ॲडमिशनचे फॉर्म, बंद पडलेला प्रोजेक्टर, सगळं याच क्रमाने त्यांच्याकडे गेलं. मी त्यांची विद्यार्थिनी होते तोवर त्यांनी मला 'पोरी' म्हटलं. तिथेच नोकरीला लागले त्या सकाळपासून 'मॅडम'. मग मीही त्यांना कामं सांगू लागले.

अशा माणसाची पीएच.डी. भार वाटून देण्यावर होती, याचं स्टाफरूममध्ये कुणालाही हसू आलं नाही. विषय ते असा सांगत: "टॉवर नाही अशा जागी फोननं फोनले निरोप द्याचा. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे. पन सगळे निरोप मधातल्याच फोनवरून गेले तं तो बिचारा मरते. म्हनून दोन-तीन वाटा काढाच्या, अन् ज्याची बॅटरी जास्त त्याच्याकडून जास्त पाठवाचे." त्यासाठी प्रत्येक फोनने शेजारच्या फोनला आपली बॅटरी खरी सांगायची, एवढीच अट होती.

प्रयोग जवळच्या मुर्री गावात चालायचा. धान कापून झालं की सरांच्या भावाच्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधून, सर आणि एकोणचाळीस मुलं-मुली फोन घेऊन दुपारभर फिरायची. येणारे-जाणारे विचारत, "काय हरपलं जी?" सर सांगत, "निरोप." दरवर्षी निकाल सारखाच बिघडायचा. वाटा तीन असूनही सगळे निरोप एकाच फोनपाशी तुंबायचे. आठव्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं: डिसेंबरअखेर प्रबंध नाही, तर नोंदणी रद्द. सरांची निवृत्ती पुढच्या जूनमध्ये होती.

ऑक्टोबरात मी त्यांच्या नोंदी चाळायला बसले. सतरा नंबरच्या फोनची बॅटरी दर वर्षी, दर मिनिटाला शंभर टक्के दिसत होती, आणि मग फोन एकदम बंद.

"सर, हा सतरा नंबर कोणाचा?"

"माहा."

"बॅटरी शंभर टक्के कशी राहते?"

"नाही राहत. तसं मीच टाकून ठेवलो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पोट्ट्या देवरीच्या बसनं जातेत, मॅडम. बस फेल झाली तं घरी फोन कराले बॅटरी नको काय? म्हटलं, माहीच संपू दे."

"मग परतताना त्यांना पॉवर बँक द्यायची, सर."

"हे आठ वर्षांत कोनी सांगलं नाही," ते म्हणाले.

नागपूरच्या त्यांच्या गाइडने जुने आकडे बाद केले. एक प्रयोग पुन्हा करा आणि तुमचा फोन बाहेर ठेवा, म्हणाले. नोव्हेंबरात मुलं बांध्यांत उतरली आणि सर शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहिले, फोन बंद करून खिशात. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. निरोप तिन्ही वाटांनी पोचले, वेळेआधी पोचले, एकही फोन बंद पडला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी लॅपटॉपवरचा आलेख दोनदा पाहिला.

"माह्याबिगर बराबर चालून राहिलं," ते म्हणाले. "सिद्ध झालं, मॅडम."

मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. पदवी मिळाली. जूनमध्ये निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांच्या प्रबंधाचा विषय चुकीचा सांगितला. सरांनी त्यालाही मान डोलावली. जाण्याआधी त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक चिठ्ठी ठेवली होती. आपली सगळी कामं त्यांनी सहा जणांत वाटली होती. कोणाला किती तास आहेत, कोणाची आई अंथरुणाला खिळली आहे, कोण बालाघाटहून रेल्वेने येतं, सगळं बघून.

माझ्या चिठ्ठीत एकही काम नव्हतं. 'मॅडमले सध्या काही देऊ नये. लेकरू लहान आहे.'

त्यांच्यावर सगळ्यात जास्त कामं मीच ढकलली होती, आणि दर वेळी वेगळं कारण सांगितलं होतं. घरी लहान लेकरू आहे, हे खरं कारण मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि शेजारच्या टेबलावरची परीक्षेची फाइल उचलून माझ्याकडे घेतली.