गुरुनाथ केळशीकर मरतात तेव्हा

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात गुरुनाथ केळशीकरांना पहिली भूमिका मिळाली ती त्यांच्या घराला मोठं बेसमेंट होतं म्हणून. तालमी तिथे व्हायच्या, चहा त्यांच्या पत्नी शुभाकाकू करायच्या. ज्याच्या घरी तालमी त्यालाच नाटकात घेतलं नाही, हे काही बरं दिसलं नसतं. मग दर गणपतीत काका दारातून यायचे, "साहेब, कुणीतरी आलंय" अशी वर्दी द्यायचे आणि परत जायचे. ही वर्दी ते इतक्या भावना ओतून देत, की खरोखर आलेल्या पात्राकडे मग कुणी बघतच नसे. मंडळाचा दिग्दर्शक प्रताप त्यांना दरवर्षी सांगायचा, "काका, थोडं कमी करा." काका दरवर्षी थोडं वाढवायचे.

प्लास्टिकच्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्लिश रंगभूमीवर पाऊल ठेवलं. शब्द त्यांचाच. रंगभूमी म्हणजे शेजारच्या गावातल्या लायब्ररीचा हॉल, आणि नाटक होतं एका सरदाराच्या बंगल्यात झालेल्या खुनाचं. गुरुनाथांचं इंग्लिश नागपूरच्या पाद्री मास्तरांनी घोटून घेतलेलं, कोट अंगावर शोभायचा, त्यामुळे त्यांना बटलरचं काम मिळालं. बटलर दारातून येतो आणि कुणीतरी आल्याचं साहेबांना सांगतो. भाषा बदलली, वर्दी तीच राहिली.

पण तिथे त्यांना एका एजंट बाईने पाहिलं आणि काका टीव्हीवर गेले. शिकागोत चित्रित होणाऱ्या मालिकांना अधूनमधून एक पिकलेला भारतीय माणूस लागतो. त्यांनी डॉक्टर केला, मोटेलवाला केला, टॅक्सीवाला तर दोनदा केला. मंडळातल्या खऱ्या डॉक्टरांना एका इंजिनिअरने गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला अजिबात आवडला नाही. काकांचं दुखणं मात्र वेगळंच होतं. शेवटी नावं सरकू लागली की त्यांच्या नावापुढे 'टॅक्सीवाला' असं यायचं. त्यांना एकदा तरी नाव असलेलं पात्र हवं होतं, आणि त्या पात्राच्या तोंडी लोकांच्या लक्षात राहील असं एक वाक्य.

शुभाकाकूंची या सगळ्याला हरकत नव्हती. त्यांची अट एकच होती. "काय वाट्टेल ते करा, पण मरायचं नाही. उगाच तोंडातून वाईट काढू नये." या अटीपायी काकांनी मरणाच्या दोन चांगल्या भूमिका सोडल्या होत्या आणि त्या कशा सोडल्या हे ते दर पार्टीत सांगत असत.

मग मोहन देसाई आले. मोहन देसाई हे मालिकेतल्या एका तरुण डॉक्टरणीचे वडील. पूर्ण नाव, पूर्ण प्रसंग, मुलीचा हात हातात घेऊन एक वाक्य. वाक्य होतं, "आय अ‍ॅम गोइंग नाऊ." ते म्हणून मोहन देसाई मरतात. काकांनी घरी सांगितलं की पात्र आजारी आहे. बरं होतं का, असं काकूंनी विचारलं. पूर्ण स्क्रिप्ट अजून पाठवलेली नाही, असं काकांनी ठोकून दिलं.

घोडं अडलं ते मोतीबिंदूपाशी. काकांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे शूटिंगला काकूंनीच ड्राइव्ह केलं. त्या बाहेर बसणार होत्या. पण दिग्दर्शिका भली बाई. नटाची बायको आलीय म्हटल्यावर तिने त्यांना आत बोलावून कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन काकू बसल्या आणि समोर आपला नवरा नाकात नळ्या घालून मरणाची तयारी करतोय हे त्यांना तिथे कळलं. काकांनी एकदाच तिकडे पाहिलं आणि नको तिथे नजर गेली याचा त्यांना पश्चात्ताप झाला.

पहिल्या टेकला मोहन देसाई मुलीचा हात धरून म्हणाले, "आय अ‍ॅम कमिंग नाऊ." दिग्दर्शिका हसली, शब्द 'गोइंग' आहे म्हणाली. दुसऱ्या टेकलाही 'कमिंग'. तिसऱ्याला काकांनी डोळे मिटून घेतले, तरी तेच. घरातून निघताना ज्या माणसाने जन्मात कधी 'जातो' म्हटलं नाही, त्याची जीभ बायकोसमोर ते म्हणायला वळेना, मग भाषा कुठलीही असो. शेवटी दिग्दर्शिकेने जवळ बसून विचारलं, तेव्हा काकांनी शरमून सांगितलं, की आमच्यात जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. तिचे डोळे भरून आले. हेच ठेवायचं, म्हणाली.

परतीच्या वाटेवर हायवे लागला. तेव्हा काकू म्हणाल्या, "मेलात ते मेलात. पण येतो म्हणालात, म्हणून चालेल." काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नाव मिळालं, वाक्य मिळालं, आणि अटही मोडली नाही.

पुढच्या महिन्यात शिकागोच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओतून फोन आला. काही प्रेक्षकांना भाग आधी दाखवून बघितला होता. म्हाताऱ्याला इंग्लिश येत नाही, असा बहुतेकांचा समज झाला होता, म्हणून ते वाक्य आवाजापुरतं 'गोइंग' असं पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं. हे मात्र काकांच्या वर्मी लागलं. पाद्री मास्तरांची छडी खाल्लेला माणूस तो. ते बसने एकटे गेले. काकूंना दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून... म्हणजे, जाऊन येतो म्हणून सांगितलं. काचेच्या खोलीत माइकसमोर उभे राहिले आणि पहिल्याच झटक्यात "आय अ‍ॅम गोइंग नाऊ" इतकं सुरेख म्हणाले, की पलीकडच्या तंत्रज्ञाने अंगठा वर केला. 'कमिंग' म्हणताना ओठ मिटतात आणि 'गोइंग' म्हणताना मिटत नाहीत, ही अडचण होती, पण तुमच्या मिशांमुळे कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. घरी येऊन काका मूग गिळून बसले.

भाग दाखवायचा दिवस उजाडला. बेसमेंटमध्ये सगळ्यांना जमवू, असं काका पूर्वी म्हणत असत, आता त्यांनी विषयच काढला नाही. काकूंनाही नकोच होतं. "मयताला कुणी पाहुणे बोलावतं का?" असं म्हणून त्या एकट्याच सोफ्यावर काकांशेजारी बसल्या. मोहन देसाई खाटेवर दिसले तसा काकांना पुढचा प्रसंग दिसू लागला. आता ती ऐकेल. अट मोडली ती मोडलीच, वर खोटंही बोललो, हे तिला आत्ता, या सोफ्यावर कळेल.

मुलीने बापाचा हात धरला. काकूंनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

मोहन देसाईंचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मग डोळे मिटले.

"मला नाही ऐकवत तुम्ही मरताना," काकू म्हणाल्या. "पण बघितलं मी. ओठ मिटले तुमचे. कमिंगच म्हणालात."

"कमिंगच म्हणालो," काका म्हणाले. शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून जन्मभर घसा फोडलेल्या या नटाला, आपला आवाज कुणी ऐकला नाही याचं इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात घरचा फोन वाजला. काकूंनी हात पुढे करायच्या आत काकांनी तो उचलला. पलीकडे प्रताप होता.

"काका, मी इतकी वर्षं तुम्हाला नुसती वर्दी देत ठेवली, चुकलंच माझं. ते 'गोइंग' काय म्हणालात यार! बायको अजून रडतेय. परत एकदा म्हणा ना, तिला स्पीकरवर ऐकायचंय."

शुभाकाकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

"राँग नंबर," गुरुनाथ म्हणाले आणि फोन ठेवून दिला.