धाकटीची मेलेली भाषा

माझ्या धाकट्या जावेची भाषा दर वर्षी एकदा मरते. ही बातमी घरात आणतात भावजी, म्हणजे तिचाच नवरा, आणि तीही जेवताना.

"वाचलंस का? तुझी पीएचपी संपली म्हणे."

"बरं," धाकटी ताटावरून मान वर न करता म्हणते. "जेवून घेते आणि तिच्यावरच कामाला बसते."

पीएचपी ही वेबसाइट बनवण्याची भाषा. धाकटीने ती लग्नाआधी, एका क्लासमध्ये, शेवटच्या बाकावर बसून शिकलेली. लग्नात तिने माहेरून कपाटाऐवजी कॉम्प्युटर आणला, तेव्हा सासूबाईंनी तो दोन दिवस टॉवेलखाली झाकून ठेवला होता. पुढे फ्रिज आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत त्याचं टेबल बसलं आणि तिथेच राहिलं. मध्ये तीन कॉम्प्युटर बदलले, टेबल आणि भाषा तीच.

सासूबाईंना या मरणाच्या बातम्यांचं काही वाटत नाही. "मलाही दोन डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती," त्या म्हणतात. "दोघेही गेले बिचारे."

धाकटी नम्र वगैरे अजिबात नाही. आपल्यासारखं काम या भागात कुणी करत नाही हे ती स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना शोधत बसायला नको. एकदा मी तिला विचारलं, "अगं, सगळे नव्या भाषांच्या मागे आहेत, मग ही टिकली कशी?"

"ताई, फाइल उघडायची, ओळ बदलायची, सेव्ह करायची, पान पुन्हा उघडायचं. झालं काम. कुठल्याही साध्या सर्व्हरवर चालते. आणि नाव जुनं असलं तरी आतून तिची रंगरंगोटी चालूच असते. नवे लोक रोज नवं काढतात ना, त्यांना तेवढी फुरसत मिळते कारण जुनं बिनबोभाट चालू असतं."

यावर माझी थोरली लेक हसायची. ती एका कंपनीत वेबसाइटच करते, पण नव्या भाषेत. कंपनीच्या खुर्च्यांना डोकं टेकायची सोय आहे. "काकू, तुझं कोड म्हणजे संग्रहालय आहे," ती म्हणायची.

"असेना. तिकीट काढून आत ये."

दोघींचं असं छान चाललं होतं. मग दातांच्या दवाखान्याचा विषय निघाला.

दातांचा दवाखाना हे धाकटीचं पहिलं काम. रुग्णांनी घरबसल्या वेळ घ्यायची साइट तिने केली तेव्हा तिची मुलगी पाळण्यात होती. एक हात पाळण्याच्या दोरीवर, एक कीबोर्डवर. मोठ्या डॉक्टरांच्या शब्दावर तिच्याकडे चष्मेवाले आले, ते डॉक्टरांचे साडू. चष्मेवाल्यांमुळे पडदेवाले आले, पडदेवाल्यांमुळे ड्रायव्हिंग स्कूल. भावजींची नोकरी सुटली ते वर्ष आमच्या घराने याच साखळीवर काढलं. त्यामुळे मोठे डॉक्टर आता निम्माच दिवस बसणार, दवाखाना त्यांची सून बघणार आणि सूनबाईंना सगळं नवीन हवंय असं कळल्यावर धाकटीने पहिल्यांदा जेवताना मान वर केली. दवाखाना गेला तर साडू जाणार, आणि साडू गेले तर बाकीची माळ ओघळायला किती वेळ लागतो?

त्यात सूनबाईंनी नव्या साइटसाठी ज्या कंपनीला बोलावलं ती माझ्या लेकीची निघाली. नमुना दाखवायला कंपनीने तिलाच नेमलं.

"मी नाही म्हणू शकले असते," लेक मला म्हणाली, "पण मग दुसरं कुणी गेलं असतं."

"मला काय सांगतेस? काकूला सांग."

तिने सांगितलं. धाकटी कांदा चिरत होती. "जा की," ती म्हणाली. "फक्त मला बघून मुद्दाम वाईट करू नकोस. मी हरेन तर नीट हरेन."

त्या सकाळी मीही दवाखान्यात होते. माझी दाढ आठवडाभर ठणकत होती आणि गाल असा फुगला होता की बोलणं बंद. घरच्यांच्या मते तेवढाच फायदा. मी प्लास्टिकच्या खुर्चीत गालाला रुमाल लावून बसले. समोर काउंटरवर स्वागतिका, तिच्या बाजूला सूनबाई हिरव्या कोटात उभ्या. एका बाजूला माझी लेक लॅपटॉप घेऊन, दुसऱ्या बाजूला माझी जाऊ पर्स छातीशी धरून. दोघी एकाच रिक्षातून आल्या होत्या.

लेकीने नवी साइट दाखवली. देखणी होती, खोटं कशाला बोलू. कॅलेंडरचा महिना उघडायचा तोच उमलल्यासारखा. सूनबाई खूश दिसल्या. मग म्हणाल्या, "आता जुनीवर एक वेळ घेऊन बघते, म्हणजे फरक कळेल." त्यांनी स्वतःच्या फोनवर नाव घातलं, वार निवडला, बटण दाबलं. आणि मोठ्याने वाचलं:

"आपली वेळ नक्की झाली आहे. दूध उतू गेलं."

मला हसू आलं आणि दाढेत कळ गेली.

ते कुठून आलं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. प्रोग्राम नेमका कुठे अडतोय हे कळत नसेल तर मध्ये मध्ये एकेक वाक्य घालून ठेवतात. पान उघडलं की जिथवर वाक्यं दिसतील तिथवर प्रोग्राम पोहोचला. इतर लोक तिथे एक, दोन, तीन लिहितात. धाकटी त्या क्षणी स्वयंपाकघरात जे चाललं असेल किंवा होईलसं वाटत असेल ते लिहिते. गॅस लावला. दूध ठेवलं. दूध उतू गेलं. काम झालं की ती वाक्यं काढून टाकायची. आदल्या दिवशी तिने चालू साइटवरच लहान मुलांच्या वेळा बदलल्या होत्या, दोन वाक्यं काढली आणि तिसरं काढायच्या आधी खरोखरच दूध उतू गेलं.

"अच्छा, म्हणून होय," स्वागतिका म्हणाली. "सकाळपासून चार जणांचे फोन आले. दूध चालेल का, विचारत होते. मी सांगितलं, एक दिवस नका पिऊ."

"हे माझं," धाकटी म्हणाली. पर्स काउंटरवर ठेवली, स्वागतिकेला सरकायला लावलं, फाइल उघडली, ओळ काढली, सेव्ह केली. "आता बघा."

सूनबाईंनी पुन्हा बटण दाबलं. दूध गेलं होतं. पण त्यांचा चेहरा सैल झाला नाही.

"रुग्णांच्या डोळ्यांदेखत दुरुस्ती करता तुम्ही? मी रुग्णाच्या तोंडात प्रयोग करत नाही."

"बरोबर आहे तुमचं," धाकटी म्हणाली. "सवय वाईट आहे. पण ती माझी आहे, भाषेची नाही."

सूनबाई माझ्या लेकीकडे वळल्या. "तुमच्याकडे असं झालं असतं?"

"नसतं," लेक म्हणाली. "आमच्याकडे बदल आधी वेगळ्या जागी तपासतात. मगच चालू साइटवर चढतो."

मला वाटलं, झालं, गेली माळ. धाकटी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"आणि आमचे नियम?" सूनबाईंनी विचारलं. "मुलांना सकाळीच. तारा बसवायच्या असतील तर दुप्पट वेळ. बाबांचे जुने रुग्ण बाबांकडेच. हे सगळं तुम्हाला कोण सांगणार?"

"काकूच्या कोडमध्ये आहे. ते वाचून मला नव्याने बांधावं लागेल."

"वाचता येतं ते?"

लेकीने काकूकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "येतं. परवा पूर्ण वाचलं. एक नियम कुठे चुकलेला नाही." जरा थांबून ती म्हणाली, "दिसायला जुनं आहे. पण भाषेची आवृत्ती तिने यंदाचीच घातलीय."

"मी काय फुकट मिरवते का?" धाकटी म्हणाली.

सूनबाईंनी दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरले. त्या दाताकडे बघतात तशा बघत होत्या, मान तिरकी करून. मला त्या मानेची ओळख पुढे पंधरा मिनिटांत चांगलीच झाली.

"दात पिवळा आहे म्हणून मी उपटत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मूळ पक्कं आहे. हा राहील. वरून चेहरा यांचा लावा, नवा. आतलं तुमचंच. पण यापुढे तपासणी वेगळ्या जागी. पुन्हा माझ्या रुग्णांना तुमच्या घरचं दूध दिसता कामा नये."

"नाही दिसणार," धाकटी म्हणाली. आणि लगेच, कारण तिला राहवत नाही, "चेहरा लावताना माझ्या फाइलींची नावं बदलायची नाहीत, एवढं हिला सांगून ठेवा."

"काकू, मी इथेच उभी आहे."

"म्हणूनच मोठ्याने सांगतेय."

मग मला आत बोलावलं. माझी दाढ मात्र उपटावीच लागली.

लेकीच्या साहेबांना पूर्ण साइटचं काम हवं होतं, अर्धं मिळालं म्हणून ते थोडे फुरंगटले. मग त्यांच्या लक्षात आलं की कंपनीकडे पडून असलेल्या निम्म्या जुन्या साइटी याच भाषेतल्या आहेत आणि त्यांना हात लावायला कुणी तयार नाही. आता लेक शनिवारी सकाळी फ्रिजशेजारी स्टूल ओढून बसते. पहिल्याच शनिवारी तिने काकूला तपासणीची वेगळी प्रत करून दिली, जी बाहेर कुणालाच दिसत नाही. काकूने तिला बऱ्याच गोष्टी शिकवल्या. दोघी भांडतात. सासूबाई मध्ये बसून ऐकतात आणि ज्या बाजूला चहा आधी मिळेल तिचा पक्ष घेतात.

भावजींनी परवा जेवताना पुन्हा बातमी आणली. या वेळी उत्तर माझ्या लेकीने दिलं. "काका, मला अजून शिकायचीय. जरा थांबायला सांगा तिला."

आज शनिवार. मी ओट्याशी होते आणि त्या दोघी टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून. लेकीने काहीतरी बदललं, पान उघडलं आणि धाकटीने पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचलं.

"आई, दूध बघ."

मी वळले. वर आलेलं होतं. मी गॅस बंद केला.

"चाललं," लेक म्हणाली.

"मग आता ती ओळ काढ आधी," धाकटी म्हणाली.