टिटवीच्या प्लॉटवरची देवी

अकोल्याहून दर्यापूरकडे निघालं की गावाबाहेर, डाव्या हाताला एक देवस्थान लागतं. ते मी स्थापन केलं. चुकून! मी शाळेत विज्ञान शिकवते, हे खरं तर इथे सांगायला नको.

मला नाद आहे तो पाणथळीतल्या लांब पायांच्या पक्ष्यांचे फोटो काढायचा. रविवार उजाडला की धरणाच्या काठी गुडघाभर चिखलात उभी राहून शेकाटे, तुतारे नि टिटव्यांची वाट बघायची. (सासूबाई याला नाद म्हणत नाहीत, ‘येड’ म्हणतात.) पण आमचा नियम कडक. घरट्याजवळ जायचं नाही, पक्ष्याला उठवायचं नाही. फोटो गेला तरी चालेल, अंडी जाता कामा नयेत.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला टिटवीनं अंडी घातली ती आमच्याच प्लॉटवर! हा प्लॉट म्हणजे आमच्या वकीलसाहेबांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, जन्माचं स्वप्न. अक्षय्यतृतीयेला भूमिपूजन ठरलेलं. पहिली कुदळ ईशान्य कोपऱ्यात पडणार, आणि अंडी बरोब्बर त्याच कोपऱ्यात. घरटं कसलं हो, उघड्या मुरुमात खड्यांसारखीच चार ठिपकेदार अंडी. डोळे फाडून बघितलं तरी पाय पडायचाच.

“पिल्लं निघेपर्यंत भूमिपूजन पुढे ढकला,” मी म्हटलं.

“म्हंजे टिटवीले स्टे देऊ? माह्याच प्लॉटवर, माह्याच विरुद्ध?”

“द्या.”

“अन् पिल्लं निंगाली का लगेच कुदळ?”

“लगेच. शब्द देते!”

स्टे दिला बिचाऱ्यांनी. पण प्लॉटवर शेळ्या यायच्या, पोरं क्रिकेट खेळायची. खुणेला काहीतरी हवं होतं. लाल म्हणजे धोका, हे मी दरवर्षी सहावीला शिकवते. म्हणून अंड्यांपासून बेतानं लांब धोंड्यांचं कडं केलं. घरात लाल रंग नव्हता, हनुमान जयंतीचा उरलेला शेंदूर मात्र होता. तो तेलात कालवला आणि एकेक धोंडा असा काही माखला की लांबून झळकावा. भटजीची लेक मी! माझ्या वडिलांची उभी हयात देव बसवण्यात गेली, आणि तेलशेंदूर लावलेला धोंडा बघून लोक काय करतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही!

दुसऱ्या दिवशी तिथे एक नारळ. मग हळद-कुंकू, झेंडूची फुलं, उदबत्त्यांचा पुडा. शेजारच्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या शांताबाई धावतच आल्या.

“मास्तरीणबाई, तुमच्या प्लॉटात देव निंगला! टिटवी राखण करून राह्यली त्याची!”

“अहो, ते धोंडे मी रंगवलेत!”

“असं नोका बोलू बाई. देव कोपते.”

सासूबाईंचं तर विचारूच नका. टिटवी ओरडली की घरात काही वाईट होतं, असं म्हणून आजवर कानावर हात ठेवणारी ही बाई! ती आता सगळ्या कॉलनीला ठणकावून सांगू लागली, “आमच्या जागेत निंगला, मंग पह्यला मान आमचाच!”

मला मात्र काळजी टिटवीची. माणूस आलं की टिटवी उठायची आणि आकाशात ओरडत घिरट्या घालायची. खाली अंडी उघडी, आणि वर अकोल्याचं ऊन! अंड्यांचं आमलेट व्हायला वेळ कितीसा लागणार? गर्दी हटली की ती बिचारी शांताबाईंच्या पाटात पोट भिजवून यायची आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. ते बघून मला रडूच आलं. मी शेळ्यांपासून वाचवायला गेले आणि अख्खं गाव तिच्या अंगावर घातलं!

शेवटी शांताबाईंकडून कडब्याच्या पेंढ्या आणल्या, कड्यापलीकडे लांब उभ्या केल्या आणि मी सकाळपासून आत दडून बसले, कॅमेरा लावून. एका अंड्याला तडा गेला होता. टिटवी जरा उठली, तिच्या पायाशी पिल्लाची इवली चोच दिसली. बोट बटनावर गेलं, आणि...

ढोल!

पुढे आरतीचं ताट घेऊन सासूबाई, मागे शांताबाई, त्यांच्यामागे मोबाइल उंच धरलेली तमाम कॉलनी. टिटवी भुर्र! आणि वरात सरळ धोंडे ओलांडून आत! फोटो काढू की पिल्लू वाचवू? शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज आपोआपच सुटला.

“थांबा! एक पाऊल पुढे टाकाल तर याद राखा!”

ढोल थांबला. सगळे इकडे तिकडे बघू लागले. माणूस कुठेच नाही, नुसता कडबा!

“देव बोलला व माय!” शांताबाईंनी हात जोडले.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. “देवा, काय चुकलं आमचं?”

म्हटलं, आता बुडत्याचा पाय खोलातच! “ढोल बंद! मागे सरा! फोटो काढायचा नाही! दुरून नमस्कार करा!”

“अन् नारळ, देवा?”

“घरी फोडा! चटणी करा!”

“असं किती दिवस कराचं, देवा?”

घाईघाईत तोंडातून निघून गेलं, “कायमचं!”

गर्दीत सगळ्यात मागे वकीलसाहेब उभे होते. त्यांनी नुसती मान खाली घातली.

लोक पाठ न दाखवता मागे सरले. टिटवी परत आली. एकेक करत चारही पिल्लं निघाली आणि वाळल्याबरोबर आईमागे तुरुतुरू मळ्यात गेली. काय सुंदर दिसत होती! फोटो? ओरडण्याच्या आवेशात माझा हात लागून कॅमेरा स्टँडसकट पालथा पडला होता.

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, “आवाज बाईमाणसाचा होता. म्हंजे देवीच हाये.”

“कसा होता हो?” मी भीत भीत विचारलं.

“तुह्यासारखाच. पण समजदार.”

वकीलसाहेबांनी माझ्या केसांतली कडब्याची काडी काढली आणि ताटाशेजारी ठेवली.

भूमिपूजन झालंच नाही. देवीच्या जागेत कुदळ कोण मारणार? आम्ही अजून भाड्याच्या घरात, टिटवी स्वतःच्या प्लॉटवर! तिथे आता पाटी लागली आहे: “दुरून दर्शन घ्या. फोटो काढण्यास सक्त मनाई. देवीच्या आज्ञेवरून.”

औंदा टिटवीनं तिथेच अंडी घातली. मी कॅमेरा गळ्यात अडकवून गेले, तर सासूबाई छत्री घेऊन राखणीला!

“कोठी चालली?”

“आई, एकच फोटो. लांबून.”

“वाच तो बोर्ड. मास्तरीण हायेस ना?”

“अहो आई, ती देवी म्हणजे मीच होते!”

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. “तू? देवी? अन् सकाळी दूध कोनं उतू घालवलं?”

मी आशेनं नवऱ्याकडे पाहिलं.

“अपील कर म्हटलं असतं,” वकीलसाहेब म्हणाले, “पण वरचं कोर्टबी तूच!”

मग काय करता! कॅमेरा पिशवीत घातला, चपला काढल्या आणि दुरूनच स्वतःला नमस्कार केला.