चपला बाहेर काढायची बँक

पांढुर्ण्याच्या बाजारात दोन गोल खांबांची एक इमारत होती. तिथली बचत बँक केव्हाच बुडाली होती, तरी माझ्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे ऐंशीच्या दशकातही, रामाकोन्याहून येणारे लोक "बँकेपाशी उतरवून द्या" असंच म्हणत. बँकेच्या जागी तेव्हा चपलांचं दुकान आलं होतं. गिऱ्हाईक जुन्या चपला पायरीवर काढून आत जाई आणि नव्या हातात धरून अनवाणीच बाहेर येई. मला भारी राग यायचा. चपलांच्या दुकानात कसलं आलंय सोवळं?

आईला विचारलं, तर म्हणाली, "लक्ष्मीचं घर आहे ना ते." मामीचं उत्तर तेच, शेजारणीचंही तेच. शेवटी मी बँकेच्या म्हाताऱ्या मॅनेजरांचं घर गाठलं.

ते खो खो हसले. "लक्ष्मी कायची, पोरी! पावसाळ्यात लोक वावरातून सरळ बँकेत येत. चपलेला ही एवढी काळी माती. फरशी नवीकोरी होती, म्हणून मीच पाटी लावली, चपला बाहेर काढा. अन् तू हे काय शोधून राहिली?"

मी आईला हे ऐकवलं. तिनं ऐकून सोडून दिलं.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही त्या दुकानात होतो. तेवढ्यात तेच मॅनेजर आले. बाहेर कोरडं ऊन होतं, आतली फरशी जागोजागी फुटलेली. त्यांनी पायरीवर चपला काढल्या, वाकून उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.