हौसाकाकू आणि उस्मानपुऱ्यातले डास

दिवेलागणीला आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगच्या जिन्यात कडुनिंबाच्या तेलाचा वास सुटला, की समजायचं, हौसाकाकूंनी अण्णांना धरलं. वरच्या मजल्यावरच्या या काकू नवऱ्याला खुर्चीत बसवून खोबरेलात मिसळलेलं ते तेल मानेपासून घोट्यापर्यंत चोपडायच्या. अण्णांना दमा. कॉइलचा धूर नाकात गेला की रात्र बसून काढायचे. लिक्विडच्या वासानेही छाती भरायची. "डास मारायला जाऊन माणूस मारायचा व्हय?" म्हणत काकूंनी दोन्ही घराबाहेर फेकली होती.

अण्णांची तक्रार नसे. "पैठणच्या एसटीत शेजारी कुणी बसत नाय," ते सांगायचे, "लई ऐसपैस जातो मी."

काकूंचं माहेर मेंढपाळांचं. तिकडे माळावर मेंढरं बसली की भोवती कडुनिंबाच्या ओल्या पाल्याची धुरी करत. एका संध्याकाळी काकूंनी तीच धुरी घरात केली, आणि बाहेरचे डास आत येऊ नयेत म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. माळावरचा धूर दोन खोल्यांत कसा मावणार? सगळी बिल्डिंग खाली रस्त्यावर आली, डासही आमच्याबरोबर आले. अण्णांना मी आणि एका शेजाऱ्याने उचलून आणलं. त्यांना धाप लागली होती. काकू पायरीवर बसून रडल्या. "धुरापायी कॉइल फेकली, अन् मीच धूर कोंडला की."

त्या दिवसापासून त्या घरातून धूर हद्दपार झाला. देवापुढची उदबत्तीसुद्धा गेली. मग गॅलरीत तुळस, झेंडू आणि गवती चहा आला, तरी डास वाढतच होते. मी वाकून पाहिलं, तर कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्या वळवळत होत्या. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. साचलेलं पाणी फेकणं काकूंना पाप वाटे.

"काकू, डासांची बाळंतपणं तुम्हीच करताय."

"असं व्हय? मंग डिंकाचे लाडू तेवढे राहिले," म्हणत त्यांनी ताटल्या उपड्या केल्या. पाण्याच्या पिंपावर जुनं लुगडं घट्ट बांधलं आणि पलंगाला मच्छरदाणी लावली. "म्हातारपणी पुन्हा अंतरपाट धरला हिनं," असं म्हणत अण्णा आत शिरले आणि शांत झोपले. तेल मात्र चालूच राहिलं.

गेल्या वर्षी अण्णा त्याच मच्छरदाणीत झोपेत गेले. वर्षश्राद्धाला मी त्यांच्या फोटोला हार घातला आणि सवयीने उदबत्ती पेटवली. काकू स्वयंपाकघरातून लगबगीने आल्या.

"इझव ती आधी," त्या म्हणाल्या. "त्यांना धूर सोसत नाय."

मी ती जिन्यात नेऊन विझवली.